मंगळाच्या रंगीत इमेजमध्ये निळसर-पांढरं दिसतं ते क्ले असतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी. जिऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, जागा मंगळावरची मावर्थ व्हॅलिस, हायराईज कॅमेऱ्याच्या रंगीत इमेजेस उतरवून घेतल्यात आणि त्यात वर काळपट टोपी, तिच्याखाली निळसर-पांढरा थर आणि त्याच्याखाली तांबूस-भुरकट थर असं स्वच्छ दिसतंय. मग निळसर-पांढरं म्हणजे ॲल्युमिनियमवालं क्ले (पाण्याने दगड बदलून बनणारं चिकणमातीचं खनिज) आणि तांबूस म्हणजे लोखंडवालं क्ले असं सरळ लिहून टाकायचं का, आणि जिथे क्रिझम या उपकरणाचा स्पेक्ट्रल डेटा (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती परत येतो त्याची मोजणी) नाही तिथे फक्त रंगावरून नकाशा काढला तर चालेल का?

पहिल्या भागाचं उत्तर मावर्थपुरतं जवळजवळ हो असं आहे, पण ते तिथे आधी कुणीतरी स्पेक्ट्रम तपासून ठेवलाय म्हणून. नुसत्या रंगाने ते सिद्ध झालेलं नाही. दुसऱ्या भागाचं उत्तर जरा लांब आहे आणि खरं महत्त्वाचं तेच आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि माझं स्पष्ट मत आहे की रंगीत इमेजेसना एकतर लोक फार भाव देतात नाहीतर अजिबातच देत नाहीत, दोन्हीत नुकसान आहे.

आधी हायराईजला नेमकं काय दिसतं ते समजून घ्या. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर २००५ च्या ऑगस्टमध्ये निघालं आणि मार्च २००६ मध्ये मंगळाच्या कक्षेत गेलं, हायराईज आणि क्रिझम दोन्ही त्याच यानावर बसवलेत. हायराईजमध्ये १४ सीसीडी, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपा आहेत, त्यातल्या १० लाल पट्ट्याच्या, २ निळ्या-हिरव्या आणि २ नियर इन्फ्रारेड. म्हणून इमेज साधारण ६ किलोमीटर रुंद असली तरी रंग फक्त मधल्या सव्वा किलोमीटरच्या पट्टीत मिळतो, बाकी सगळं काळं-पांढरं. तीन पट्ट्यांचे मध्य साधारण ५३६, ६९४ आणि ८७४ नॅनोमीटरला आहेत. म्हणजे कॅमेऱ्याची नजर एक मायक्रॉनच्या अलीकडेच संपते. हे वाक्य प्रोजेक्टच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं यातून निघतं.

आता क्लेची ओळख कुठे असते बघा. हायड्रॉक्सिलचा (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा) पट्टा, म्हणजे जिथे तो प्रकाश गिळतो ती जागा, १.४ मायक्रॉनला, खनिजात अडकलेल्या पाण्याचा १.९ ला, आणि नेमकं कुठलं क्ले ते सांगणारा पट्टा २.२ ते २.३५ च्या मध्ये. ॲल्युमिनियमला जोडलेला हायड्रॉक्सिल असेल तर २.२ च्या जवळ, मॉन्टमोरिलोनाइट २.२१ ला, केओलिनाइटचा तिथेच जोड-पट्टा २.१६ आणि २.२१ असा दिसतो, लोखंडाचं नॉन्ट्रोनाइट २.२९ ला, मॅग्नेशियमचं सॅपोनाइट २.३१ ला. सल्फेटमध्ये कीझराइट २.१ आणि २.४ ला, जिप्समला १.७५ ला एक खास छोटा खड्डा असतो, कार्बोनेट २.३ आणि २.५ अशी जोडी दाखवतं. यातलं एकही हायराईजला दिसत नाही. एकही नाही. मग क्लेच्या थराला रंग येतो कुठून?

लोखंडातून. एक मायक्रॉनच्या अलीकडे मंगळाच्या जमिनीवर जे काही रंगाचं नाटक चालतं ते जवळजवळ सगळं लोखंडाचं आहे. गंजलेलं म्हणजे फेरिक लोखंड निळा-हिरवा प्रकाश गिळतं म्हणून धूळ लाल दिसते. न गंजलेलं फेरस लोखंड, म्हणजे ऑलिव्हिन-पायरॉक्सिन या बेसाल्टच्या खनिजांमधलं, एक मायक्रॉनच्या आजूबाजूला प्रकाश गिळतं, त्या खड्ड्याचा अलीकडचा उतार हायराईजच्या तिसऱ्या पट्ट्यात थोडासा सापडतो, म्हणून ताज्या बेसाल्टची वाळू आयआरबी इमेजमध्ये (नियर इन्फ्रारेड, लाल आणि निळा-हिरवा हे तीन पट्टे जोडून केलेल्या) गडद निळी दिसते. आणि ज्या दगडात लोखंडच कमी, तो सगळ्या पट्ट्यांत सारखाच उजळ असतो, म्हणजे खरं तर पांढरट-करडा, पण आजूबाजूला सगळी लाल धूळ आणि त्यावर इमेज ताणलेली (रंगांतले फरक वाढवून दाखवलेली), म्हणून तो निळसर वाटतो. तुमच्या वरच्या थराचा निळसरपणा हा आहे. "इथे लोखंड कमी आहे आणि धूळ कमी आहे" एवढंच रंग सांगतोय. त्यातून ॲल्युमिनियम क्लेपर्यंतची उडी तुम्ही मारताय, कॅमेरा नाही.

कोकणात किंवा पाचगणीला गेला असाल तर हे डोळ्यांनी बघितलेलं आहे तुम्ही. खाली काळा कातळ, म्हणजे आपला दख्खनचा बेसाल्ट, त्यावर कुजत चाललेला भुसभुशीत भाग, त्यावर बऱ्याच ठिकाणी पांढरट-जांभळट ठिपक्यांची, हाताला साबणासारखी लागणारी माती, आणि सगळ्यात वर जांभा. एकाच दगडाची ही सगळी रूपं आहेत, फरक फक्त पाणी किती वेळ मुरलं त्याचा. पावसाच्या पाण्याने सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं, सिलिकाही बरीचशी नेली, मागे ॲल्युमिनियम आणि लोखंड उरलं. पांढऱ्या मातीत केओलिनाइट, जांभ्यात लोखंडाची ऑक्साइडं आणि ॲल्युमिनियमची हायड्रॉक्साइडं. घाटातला रस्ता रुंद करताना जी ताजी कापलेली भिंत दिसते ना, तिथे थांबून हा क्रम एकदा नीट बघून घ्या, फोटो काढा, मग मावर्थची इमेज परत उघडा. मला स्वतःला मावर्थ खऱ्या अर्थाने कळली ती रत्नागिरीकडच्या एका अशा कापलेल्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर.

पण एक मोठा फरक आहे आणि तो फरकच सगळ्यात जास्त बोलतो. आपल्याकडे लोखंड वर राहतं, म्हणून जांभा तांबडा. मावर्थला वरचा थर निळसर-पांढरा आहे, म्हणजे लोखंड तिथून निघून गेलंय. लोखंड पाण्यात विरघळून वाहून जायचं तर एकतर ते पाणी आम्लधर्मी हवं नाहीतर आजूबाजूला ऑक्सिजन नको, कारण ऑक्सिजन मिळाला की लोखंड गंजून तिथेच बसतं. म्हणजे रंगातल्या एका साध्या उलट्या क्रमातून साडेतीन-चार अब्ज वर्षांपूर्वीच्या हवेबद्दल आणि पाण्याबद्दल प्रश्न उभा राहतो. हे रंगाचं खरं मोल. म्हणून मला राग येतो जेव्हा कुणी म्हणतं की रंगीत इमेज फक्त कव्हरवर छापायला असते.

आता मावर्थमध्ये हे कसं ठरलं ते. मावर्थ हे वेल्श भाषेतलं मंगळाचं नाव, जागा साधारण २४ अंश उत्तरेला, दक्षिणेचे जुने उंच प्रदेश संपून उत्तरेची सखल मैदानं सुरू होतात त्या काठावर. मार्स एक्सप्रेस या युरोपच्या यानावरच्या ओमेगा या स्पेक्ट्रोमीटरने २००५ च्या सुमारास तिथे क्ले असल्याचं दाखवलं, पण ओमेगाचा एक पिक्सेल शेकडो मीटर ते काही किलोमीटर, म्हणजे थर वगैरे काही दिसायचा प्रश्न नव्हता. मग क्रिझम आलं, १८ मीटरच्या आसपास पिक्सेल आणि ०.३६ ते ३.९२ मायक्रॉनमध्ये ५४४ पट्टे. त्यात कळलं की खालच्या जाड थरात २.३ च्या जवळचा लोखंड-मॅग्नेशियमचा पट्टा आहे आणि वरच्या काही दहा मीटरच्या थरात २.२ चा ॲल्युमिनियमचा, सोबत हायड्रेटेड सिलिका. तो क्रिझमचा नकाशा हायराईजच्या इमेजवर चढवला तेव्हा दिसलं की निळसर-पांढऱ्या आणि तांबूस थराची सीमा आणि स्पेक्ट्रममधली सीमा जुळतेय. शिवाय दोन्ही थरांच्या भेगांची नक्षी वेगळी आहे, खालच्या लोखंडी क्लेमध्ये वाळलेल्या तळ्यासारखे काही मीटरचे बहुकोन, वरच्यात भेगा लहान आणि जास्त वेड्यावाकड्या. रंग, पोत आणि स्पेक्ट्रम तिघांची साक्ष एक झाली. तेव्हा कुठे लोक बोलायला लागले.

आणि इथून पुढे रंगाचं खरं काम सुरू होतं. हिशोब करून बघा, क्रिझमच्या १८ मीटरच्या एका पिक्सेलमध्ये हायराईजचे ३० सेंटिमीटरचे ३६०० पिक्सेल बसतात. रंगीत पट्टे बऱ्याचदा दोन-दोन पिक्सेल एकत्र करून घेतलेले असतात, तरीही शेकड्यांनी बसतात. एका क्रिझम पिक्सेलमध्ये थर, त्यावरून घसरलेली माती, खड्ड्यात साठलेली वाळू सगळं एकत्र मिसळलेलं असतं. तो स्पेक्ट्रम नक्की कुठल्या दगडाचा आहे हे सांगायला रंगच लागतो. त्यामुळे कामाचा क्रम असा ठेवा: क्रिझम सांगणार "काय", हायराईजचा रंग सांगणार "नक्की कुठे", आणि मग त्याच इमेजमध्ये, त्याच थरात, त्याच पोताच्या दगडावर रंग धरून तुम्ही क्रिझमच्या हद्दीबाहेर थोडं पुढे जाऊ शकता. थोडं म्हणजे त्याच पट्टीत, तोच थर डोळ्याने सलग जोडता येतो तिथपर्यंत. शंभर किलोमीटर लांबच्या दुसऱ्या विवरात तसाच निळा दिसला म्हणून तिथेही केओलिनाइट, असं नाही चालणार.

का नाही चालणार, तर स्ट्रेचमुळे. वेबसाइटवरून जी रंगीत जेपीजी उतरवता ती प्रत्येक इमेज तिच्या-तिच्यापुरती ताणलेली असते. एका इमेजमधला सगळ्यात कमी लाल पिक्सेल म्हणजे तिथला निळा. दुसऱ्या इमेजमध्ये जास्त वाळू असेल तर तोच दगड तिथे पिवळट दिसेल. दोन इमेजमधले रंग डोळ्यांनी जुळवणं म्हणजे दोन वेगवेगळ्या ट्यूबलाइटखाली साडीला मॅचिंग ब्लाउजपीस बघण्यासारखं आहे. त्यात आणखी एक, आरजीबी नावाचं जे प्रॉडक्ट मिळतं त्यातला निळा पट्टा खरा नाहीच, तो निळ्या-हिरव्याच्या दुपटीतून लालचा तीस टक्के भाग वजा करून बनवलेला आहे, बघायला छान, मोजायला कधीच वापरू नका. मोजायचं तर आयआरबीचे मूळ तीन पट्टे घ्या, ते रिफ्लेक्टन्समध्ये (पडलेल्या प्रकाशातला किती परत आला त्या प्रमाणात) बदला आणि गुणोत्तरं काढा, निळा-हिरवा भागिले लाल एका अक्षावर, नियर इन्फ्रारेड भागिले लाल दुसऱ्या अक्षावर. गुणोत्तर घेतलं की उताराची उजेड-सावली बऱ्यापैकी कटते आणि धूळ, बेसाल्ट वाळू, उजळ दगड असे तीन घोळके वेगळे पडतात. तुमचा निळसर-पांढरा थर वाळूच्या घोळक्यात पडला तर समजा की तुम्ही क्लेवर साचलेली वाळू मोजताय.

डीकोरिलेशन स्ट्रेच (पट्ट्यांतला एकसारखा भाग काढून उरलेला फरक वाढवणं) पण करून बघा, त्यात बारीक फरक उठून दिसतात, पण तो नॉइजलाही तितक्याच प्रेमाने रंग देतो. त्यावरून सीमा शोधायच्या, खनिजाचं नाव ठेवायचं नाही.

हवेचं विसरू नका. निळ्या-हिरव्या पट्ट्यात मंगळाची जमीन मुळातच काळी असते, म्हणून हवेतल्या धुळीने आणि धुक्याने परत पाठवलेला प्रकाश त्या पट्ट्यात प्रमाणाने फार जास्त होतो. ज्या उतारावर ऊन तिरकं पडतं किंवा सावली आहे तिथे जमिनीचा प्रकाश अजून कमी, म्हणजे धुक्याचा वाटा अजून मोठा, आणि रंग सरळ सरकतो. साधा उपाय म्हणजे इमेजमधली सगळ्यात गडद, पूर्ण सावलीतली जागा शोधायची, तिथले तिन्ही पट्ट्यांचे आकडे घ्यायचे आणि सगळीकडून वजा करायचे. कच्चा उपाय आहे पण न करण्यापेक्षा शंभर पटीने बरा.

माझी एक चूक सांगतो, कारण ती अजूनही मला टोचते. सुरुवातीच्या दिवसांत दक्षिणेकडच्या मध्य अक्षांशातल्या एका विवराच्या भिंतीवर मला असाच सुंदर निळसर-पांढरा पट्टा दिसला, मी आठवडाभर त्याच्या सीमा काढत बसलो, टेबल तयार, आकृती तयार. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने फक्त एक प्रश्न विचारला, सोलर लाँजिट्यूड, म्हणजे मंगळाचा ऋतू सांगणारा कोन, किती? बघितलं तर दक्षिणेचा भर हिवाळा, आणि भिंत ध्रुवाकडे तोंड केलेली. ते दंव होतं. त्याच जागेच्या उन्हाळ्यातल्या इमेजमध्ये तिथे काहीही नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही उजळ निळ्या गोष्टीला हात लावण्याआधी मी ऋतू, अक्षांश आणि उताराची दिशा बघतोच बघतो, आणि शक्य असेल तर दुसऱ्या ऋतूतली इमेज उघडतो. दगड वर्षभर दगडच राहतो.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. जून २०२० मध्ये लोणारचं तळं गुलाबी झालं आणि अवकाशातूनही ते दिसत होतं. खनिजाचा काही संबंध नव्हता, पाणी आटून खारेपणा वाढला आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला, पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून तेच सांगितलं. लोणारचं नाव मुद्दाम काढलं, कारण बेसाल्टमध्ये झालेलं इतकं चांगलं टिकलेलं आघात-विवर पृथ्वीवर क्वचित सापडतं, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं, मंगळाचा अभ्यास करणारे जगभरातून तिथे येतात, आणि तुम्ही बुलढाण्याला एसटीने जाऊ शकता. तिथला ताजा बेसाल्ट, आघाताने फुटलेला बेसाल्ट आणि पाण्याने बदललेला बेसाल्ट हातात घेऊन बघता येतो. तिथून दगड उचलून आणू नका मात्र, जागा संरक्षित आहे.

आता दाण्याच्या आकाराबद्दल, कारण इथे चांगले चांगले फसतात. गेरू माहितीये ना, दारातल्या तुळशी वृंदावनाला लावतो तो, लालभडक, तो लोखंडाचं ऑक्साइड म्हणजे हेमेटाइटच. आणि गोव्याच्या खाणीत ज्याला ब्लू डस्ट म्हणतात तेही हेमेटाइटच, पण दिसायला पोलादी करडं-निळं. खनिज एकच, दाणे किती बारीक त्यावर रंग. मंगळावर याची परीक्षाच झाली. गेल विवरात नासाचं क्युरिऑसिटी रोव्हर ऑगस्ट २०१२ मध्ये उतरलं, आणि तिथल्या माउंट शार्पच्या पायथ्याशी एक लांब कणा आहे, व्हेरा रुबिन रिज, ज्यावर क्रिझमला कक्षेतून हेमेटाइटचा ८६० नॅनोमीटरचा पट्टा खणखणीत दिसत होता. सगळ्यांना वाटलं इथे हेमेटाइटचा साठा असणार. रोव्हर सप्टेंबर २०१७ मध्ये त्यावर चढायला लागलं, जानेवारी २०१९ पर्यंत तिथे होतं, ड्रिल केलं, एक्स-रे डिफ्रॅक्शन केलं, आणि निघालं काय, तर हेमेटाइट आहे, पण खालच्या दगडांपेक्षा असं काही प्रचंड जास्त नाही. कक्षेतून पट्टा ठळक दिसायचं कारण मुख्यतः दाण्यांचा आकार आणि वाऱ्याने धूळ झाडून ठेवलेला कणखर दगड. शिवाय त्याच कण्यावर काही करडे पट्टे होते, तिथे कक्षेतून हेमेटाइट फारसं दिसत नव्हतं, आणि ड्रिल केल्यावर तिथेही हेमेटाइट निघालं, फक्त जाड दाण्याचं, आपल्या ब्लू डस्टसारखं करडं. म्हणून पट्टा खोल म्हणजे टक्केवारी जास्त असं कृपया लिहू नका. "सिग्नल ठळक" आणि "प्रमाण जास्त" ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

न्याय म्हणून हेही सांगतो की त्याच कण्याच्या पलीकडे, ग्लेन टॉरिडन नावाच्या भागात कक्षेतून क्ले दिसत होतं, रोव्हरने २०१९ मध्ये तिथे ड्रिल केलं आणि तोपर्यंत त्या मोहिमेत सापडलेल्या क्लेपैकी सगळ्यात जास्त तिथे सापडलं. म्हणजे पद्धत चुकीची नाही, वाचताना घाई चुकीची आहे.

धुळीबद्दल एकच गोष्ट. या तरंगलांबीत प्रकाश जेमतेम काही दहा मायक्रॉन आत जातो. टेबलावर आठवड्याची धूळ बसते ना, तेवढी जरी दगडावर बसली तरी खालचं खनिज गायब. थार्सिस या ज्वालामुखींच्या पठाराच्या प्रचंड धुळकट भागात रंगावरून खनिजं शोधायला जाऊ नका, तिथे जे दिसेल ती धूळच. उभे कडे, वाऱ्याने खरवडलेल्या कडा, ताजी लहान विवरं, अशा जागा निवडा. मावर्थ चांगली आहे कारण तिथे वारा झाडू मारतो. आणि "इथे क्ले दिसत नाही" याचा अर्थ "इथे क्ले नाही" असा कधीच होत नाही.

स्पेक्ट्रमच्या बाजूलाही आंधळा विश्वास नको. क्रिझमचे तयार नकाशे, म्हणजे २.३ चा पट्टा लाल, २.२ चा हिरवा वगैरे, हे वाट दाखवायला आहेत. ज्या जागी रंग चमकतो तिथले काही डझन पिक्सेल घ्या, सरासरी काढा, आणि त्याच कॉलममधल्या, कुठलंही वैशिष्ट्य नसलेल्या धुळकट जागेच्या सरासरीने भागा. कॉलम तोच हवा, कारण डिटेक्टरचे दोष कॉलमप्रमाणे बदलतात. २ मायक्रॉनच्या आसपास हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा तिहेरी खड्डा असतो, हवेची दुरुस्ती ऑलिम्पस मॉन्स या मंगळावरच्या उंच ज्वालामुखीच्या शिखर-पायथ्याच्या मोजणीवरून करतात, ती कधीच शंभर टक्के होत नाही, त्यामुळे १.९ ते २.१ मध्ये जे काही दिसेल त्याला दोनदा विचारा. २०१८ मध्ये तर असं दाखवलं गेलं की डेटा स्वच्छ करायच्या प्रक्रियेतूनच २.१ मायक्रॉनला खोटा खड्डा तयार होऊ शकतो, आणि लोक ज्याला पर्क्लोरेट (क्लोरीनचं एक मीठ) म्हणत होते त्यातलं बरंचसं तेच असण्याची शक्यता होती. तेव्हा सगळ्यांनीच आपापली जुनी टेबलं परत उघडली, मी पण. एका पट्ट्यावर नाव ठेवायचं नाही, निदान दोन पट्टे जुळले पाहिजेत, आणि ते प्रयोगशाळेच्या लायब्ररीतल्या स्पेक्ट्रमशी आकारानेही जुळले पाहिजेत, नुसत्या जागेने नाही.

मग एवढं सगळं असताना रंगाच्या मागे का लागायचं? कारण क्रिझम आता नाही. त्याच्या इन्फ्रारेड डिटेक्टरला थंड ठेवणारी यंत्रणा थकली, आणि २०२३ मध्ये उपकरण बंद केलं. जो डेटा आहे तो आहे, १८ मीटरवर नव्या जागेचा नवा स्पेक्ट्रम मंगळावरून आज येत नाही. नव्या रंगीत इमेजेस मात्र त्यानंतरही येतच राहिल्या. त्यामुळे जुना स्पेक्ट्रम आणि नवा रंग यांची जोडी लावता येणं हे कौशल्य तुमच्या पिढीला लागणारच आहे.

त्यासाठी कॅसिसकडे जरूर बघा. मंगळाभोवती फिरणाऱ्या ट्रेस गॅस ऑर्बिटर या यानावरचा हा कॅमेरा, यान २०१६ मध्ये निघालं, पिक्सेल साडेचार मीटरच्या आसपास, म्हणजे हायराईजपेक्षा ढोबळ, पण रंग पूर्ण साडेनऊ किलोमीटर रुंदीत मिळतो आणि फिल्टर चार आहेत, ४९७, ६७७, ८३५ आणि ९४० नॅनोमीटरच्या आसपास. एक मायक्रॉनच्या जवळ दोन फिल्टर असल्यामुळे फेरिक आणि फेरस लोखंड हायराईजपेक्षा चांगलं वेगळं करता येतं. माझ्या कामात आता मी पहिला नकाशा कॅसिसवर काढतो, हायराईज फक्त सीमांवर वापरतो. कॅसिसमध्ये क्लोराइडचे, म्हणजे मिठाचे साठे गुलाबी-जांभळट छटेत उठून दिसतात, आणि गंमत अशी की मिठाला या भागात स्वतःचा पट्टाच नसतो, ते मूळ २००८ मध्ये थेमिस या उष्णता मोजणाऱ्या कॅमेऱ्याने शोधले गेले. पुन्हा तेच, एकाने ओळख पटवली आणि दुसऱ्याने रंगाच्या आधारावर बारीक तुकडे शोधले.

मंगळयानाचा कॅमेरा वापरता येईल का असंही बरेच विद्यार्थी विचारतात, आणि मनापासून विचारतात. २४ सप्टेंबर २०१४ ची सकाळ मला आठवते, त्यामुळे भावना समजते. पण एमसीसी हा मंगळयानाचा कॅमेरा साध्या डिजिटल कॅमेऱ्यासारखा लाल-हिरवा-निळा होता, पट्टे रुंद आणि एकमेकांत मिसळलेले, नियर इन्फ्रारेड नाही. धुळीची वादळं, ढग, अख्खी गोलार्धाची दृश्यं यासाठी तो उत्तम, खनिजांसाठी नाही. भारतीय डेटावर खनिजांचंच काम करायचं असेल तर चंद्राकडे वळा, चांद्रयान-१ वर नासाचं एम-थ्री हे स्पेक्ट्रोमीटर होतं ज्याने २००९ मध्ये चंद्राच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल आणि पाण्याची खूण दाखवली, आणि चांद्रयान-२ वर आपलं स्वतःचं आयआयआरएस आहे, ०.८ ते ५ मायक्रॉनपर्यंत बघणारं. तिथे बदललेली खनिजं फार नाहीत, पण स्पेक्ट्रम वाचायची सवय होईल.

तुमच्या प्रोजेक्टसाठी आता नेमकं. जेमार्स हे ग्रहांचे नकाशे एकमेकांवर चढवून बघायचं सॉफ्टवेअर उघडा, फुकट आहे, मावर्थच्या तुमच्या हायराईज पट्टीवर क्रिझमचा फूटप्रिंट, म्हणजे त्याने टिपलेल्या जागेची चौकट, चढतो का ते बघा. मावर्थ क्युरिऑसिटीसाठी शेवटच्या चार जागांत होती आणि नंतर युरोपच्या रोझलिंड फ्रँकलिन रोव्हरसाठीही ऑक्सिया प्लॅनम या दुसऱ्या जागेबरोबर शेवटपर्यंत चर्चेत होती, त्यामुळे तिथे डेटा भरपूर आहे, बहुतेक मिळेलच. चढत असेल तर नकाशाच्या रूपात आणलेलं, हवा दुरुस्त केलेलं क्रिझम प्रॉडक्ट घ्या. दोन्ही इमेजेस एकमेकांवर नीट बसवा, दोन-तीन क्रिझम पिक्सेलची चूक राहिली तरी थर बदलतो, तेव्हा विवरांच्या कडा धरून हाताने जुळवा, ऑटोमॅटिकवर सोडू नका. मग गुणोत्तरांचे घोळके, मग पोत, मग सीमा.

आणि नकाशाच्या लेजेंडमध्ये दोन वेगळ्या खुणा ठेवा. जिथे तुम्ही स्वतः स्पेक्ट्रम बघितलाय तिथे भरीव रंग आणि खनिजाचं नाव. जिथे फक्त रंग आणि पोत जुळतोय तिथे रेघारेघांचा पॅटर्न आणि नाव फक्त "उजळ, निळसर, बारीक भेगांचा थर". परीक्षक विचारतील की हे दुसरं पण क्लेच आहे ना, तेव्हा दबून हो म्हणू नका, तो थर सलग कुठपर्यंत चालत गेला ते इमेजवर बोट ठेवून दाखवा. अडलं तर तुमचे गुणोत्तराचे प्लॉट पाठवा, जेपीजी नको, आकडे पाठवा, मी बघतो.